सारवलेला वर्ग

मी पदवीधर झालो तो आमच्या प्राथमिक शाळेच्या बाईंमुळे. त्याआधी घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. अमरावतीजवळच्या त्यांच्या शाळेत आम्ही वर्गाची जमीन शेणाने सारवत क्षेत्रफळ शिकलो. एक बादली किती जागेला पुरेल हा अंदाज चुकला, की कोपरा कोरडा राही आणि बाई पुन्हा मोजायला लावत.

यंदा बाई अमरावती शहरात, राजापेठेतल्या माझ्या घरी आल्या. पहिलीला मुलं मिळाली नाहीत तर शाळा बंद होणार होती. त्यांनी माझी मुलगी मागितली.

"बाई, आता इंग्रजी चांगलं लागतं," मी म्हणालो.

"काहून रे, पोरीच्या हाताले शेणाचा वास लागन म्हणून?" त्या हसल्या. मी चहाचा विषय काढला.

महिनाभराने मी त्यांना पत्र पाठवलं:

"बाई, सा. न.

इंग्रजीचं मी खोटं सांगितलं. तुमच्याकडे तेही छान शिकवतात. ऑफिसात मुलीची शाळा कोणती असं विचारतात, तेव्हा तुमच्या शाळेचं नाव सांगायची मला लाज वाटली असती. तिचा प्रवेश दुसरीकडे झाला आहे आणि मी तो बदलणार नाही. हे तुमच्या तोंडावर सांगवलं नाही.

तुमचा विद्यार्थी"