चुटकीएवढा आवाज

रोज सकाळी शिकवायला बसल्या की अतियाखाला आधी एक चुटकी वाजवायच्या. "आखूड आवाज एवढाच. ओढायचा न्हाय, बायांनो."

निजामपुऱ्यातल्या त्यांच्या एका खोलीत मी, मुनीरा धरून आम्ही सात मुली कुराणपठण शिकायला जायचो. साल १९७३ असेल. भिंतीपलीकडे कापड विणणारे बारा लूम होते. त्या खडखडाटात आखूड आवाज बुडून जायचा, म्हणून आमच्या गल्लीत सगळेच शब्द लांबवून बोलत. तीच सवय आमच्या पठणात उतरायची. पठणात आखूड आवाज लांबला तर अर्थ बिघडतो. कुणी ओढलं की खाला म्हणायच्या, "लूमवर ड्युटीला निघालीस काय ग?"

शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी त्या प्रत्येकीकडून आठवड्याचा धडा म्हणवून घेत.

दोनेक वर्षांत त्यांचं टोकणं कमी झालं. त्या आमच्या ओठांकडे बघून मान डोलवायच्या, "शाब्बास" म्हणायच्या. आम्हाला वाटलं, आम्ही सुधारलो.

एका शुक्रवारी सुरैया आली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन तीन गल्ल्या पलीकडे राहायला गेलेली. मी धडा म्हणत होते. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"खाला, ही तर सगळंच ओढतेय. तुम्ही बोलत का नाय?"

खालांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. त्या जरा पुढे झुकल्या, मग सुरैयाला विचारलं, "आज लूम चालू हाय काय?"

"शुक्रवार हाय, खाला."

बाहेर कबुतरं घुमत होती. खालांनी भिंतीला तळहात टेकवून बघितला.

त्यांना मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. आम्हाला सोडलं तर त्या घरात दिवसभर कुणी फिरकत नसे. त्या गप्प राहिल्या असत्या तर आमच्या घरच्यांना काही कळलं नसतं.

"उद्यापासून सगळ्यांनी सुरैयाकडं जायचं," त्या म्हणाल्या.

"मी इथंच येऊन बसते ना तुमच्याजवळ," सुरैया म्हणाली.

"न्हाय. माझी मान हलली की या पुढं पळतील. मला ऐकू येत न्हाय, हे आता यांनाबी कळू दे."

सुरैयानं आम्हाला पहिल्या पानापासून पुन्हा बसवलं. सहा महिने लागले.

खाला अधूनमधून तिच्याकडे यायच्या, दाराशी बसून आमची तोंडं बघायच्या. मी कॉलेजसाठी मामाकडे पुण्याला निघाले, त्याच्या आदल्या दिवशीही तिथंच होत्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसून एक आयत म्हटली आणि हातानंच विचारलं, बरोबर?

"मला काय विचारतेस? सुरैयाला विचार."

मी हसून उठले, उंबऱ्याबाहेरच्या ढिगातून चपला काढून निघाले. मागून त्यांची हाक आली.

"अगं, बघ जरा पायात. एक चप्पल मुनीराची घातलीस."