नंबर एकवीस

चष्म्याच्या दुकानात सुटे स्क्रू साठतात ना, तसे आमच्या ऑपरेशन थिएटरात किस्से साठायचे. कुठला कुठल्या फ्रेमचा, ते नंतर सांगता येत नाही. म्हणून मी भिंगांच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून ठेवत गेलो.

पनवेलच्या डॉ. दातारांकडे मी असिस्टंट. नव्वदच्या आसपास डोळ्यातच भिंग बसवायची लाट आली. दातारांनी पंचवीस वर्षं मोतीबिंदू काढून जाड चष्मे दिलेले. आता या वयात पुन्हा शिकायचं! शेवटी आमच्याच दवाखान्यात आसपासच्या डॉक्टरांचा रविवारचा वर्ग सुरू झाला. शिकवायला मुंबईचे एक सर.

*

पहिल्याच रविवारी सर गायब! पनवेल मागे टाकून पळस्प्याला गोव्याच्या रस्त्याला लागले आणि थेट पेण. तिथे पानवाल्याला विचारलं, "पनवेल कधी येतं हो?"

"साहेब, येऊन गेलं!"

सर दुपारी उगवले. दातार मला हळूच म्हणाले, "बरं झालं. सरही चुकतात म्हणजे! आता शिकायला भीती नाही."

*

सराव बकऱ्याच्या डोळ्यांवर. मी करीमचाचांच्या मटणाच्या दुकानात गेलो. "चाचा, दोन डझन डोळे द्या. एकदम ताजे."

चाचांचा सुरा थांबला. "किसके लिए?"

"डॉक्टरांना. मोतीबिंदूचं शिकतायत."

"फिर गलत जगह आए, भाई. अपना बकरा मोतिया होने तक जीता ही नहीं!"

*

त्याच सरावात दातारांच्या चिमट्यातून भिंग उडालं. डोळ्यांचे चौदा डॉक्टर टॉर्च घेऊन फरशीवर रांगतायत, आणि एकालाही दिसत नाही! तेवढ्यात दवाखान्यातल्या सखूमावशी फरशी पुसायचं फडकं घेऊन आल्या.

"सरांच्या चष्म्याला काय चिकटलंय?"

*

मग आला दातारांच्या पहिल्या खऱ्या भिंगाचा दिवस. पेशंट हिराबाई, करंजा बंदरातली मासेविक्रेती. उजवा डोळा गेलेलाच, डाव्यावर सगळा धंदा. बाजूच्या खोलीत टीव्हीवर सगळा वर्ग बघत बसणार. "हे बिघडलं, तर मी आपला जाड चष्मेवालाच बरा," दातार मला म्हणाले.

सकाळी मी मापं घेतली आणि सांगितलं, "हिराबाई, तुमचा नंबर एकवीस." बाई भडकल्याच.

"कसा एकवीस? पयल्या यष्टीनं आलंय मी! चिठ्ठी बघ, नववा नंबर हाय!"

"अहो, रांगेचा नाही, भिंगाचा!"

"मंग तसं बोल ना, बाबा."

टेबलावर आडव्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "डागदर, असं भिंगाचं तुमचं हे कितवं?"

दातारांचं सगळं लक्ष माझ्या हातातल्या भिंगाच्या डबीवर. डबीवरचं वाचून ते पुटपुटले, "एकवीस."

"बरं बरं," म्हणत बाईंनी अंग सैल सोडलं. आता खुलासा करायची ही वेळ नव्हती; मी डबी उघडली.

सर शेजारीच उभे होते. ऐन भिंग सरकवताना दातारांचा श्वास मोठा व्हायला लागला. हिरव्या कापडाखालून आवाज आला, "डागदर, भिऊ नका. मी हाय ना हितं!"

बाजूच्या खोलीत चौदा डॉक्टर हसले. भिंग मात्र नीट बसलं.

संध्याकाळी मी दातारांना त्या 'एकवीस'चा घोळ सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी त्यांना फसवलंच की हो!"

*

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. दातारांनी बोटं धरली. "किती?"

"तीन. नि नखं वाढल्यात!"

दातार इतके हरखले, की सांगायचं ते राहूनच गेलं.

पंधरा दिवसांनी हिराबाई धाकट्या बहिणीचा हात धरून हजर! "हिला बी भिंग बशिवायचंय. ही बाविसावी ना, डागदर?"

दातारांनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरात डोकं घातलं.

"नाही, हिराबाई," ते म्हणाले. "दुसरी. पहिल्या तुम्हीच होतात. एकवीस हा भिंगाचा नंबर."

बहीण दोन पावलं मागे सरली. हिराबाईंनी तिचा दंड पकडला.

"मला ठावं हाय, डागदर. एकविसाव्याला हात असा कापत नाय!" आणि बहिणीला आत ढकलत म्हणाल्या, "जा गो. आता कमी कापल."