भुरीचं पोट आणि रामीबाईचा कापूस

रामीबाईच्या कापसात हडळ शिरली आहे, अशी कुजबुज दिग्रसजवळच्या त्या बंजारा तांड्यात दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर सुरू झाली, आणि होळीपर्यंत त्या हडळीला केस, नखं, एवढंच काय, पैंजणसुद्धा फुटले. पैंजण तिला मानीबाईनं घातले. मानीबाईचं घर रामीबाईच्या भिंतीला लागून, आणि मानीबाईचा कान त्या भिंतीला त्याहून लागून. कापसाच्या ढिगातून कोणीतरी कण्हतं, हे तिनं स्वतः ऐकलं होतं. शिवाय पुरावा होताच. सरकारी खरेदी सुरू व्हायची वाट पाहत सगळा तांडा घराघरात कापूस दाबून बसलेला, आणि रामीबाईनं मात्र एका सकाळी आपला सगळा कापूस फिरत्या व्यापाऱ्याला पडेल भावात देऊन टाकला. हडळ असल्याशिवाय शहाणी बाई असं करेल का? रामीबाई शहाणी आहे हे मानीबाईनं पहिल्यांदा कबूल केलं ते असं.

रामीबाई साठीची, विधवा, अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ. तिचा मुलगा लखन दर वर्षी बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. नात जया दादीजवळ राहायची. त्या वर्षी मात्र तान्ह्या भावाला सांभाळायला म्हणून तिच्या आईनं तिला सोबत घेतलं. ट्रकमध्ये चढताना पोरीनं आपली मांजर दादीच्या हातात दिली.

"दादी, भुरीले उपाशी ठेवू नको. मी आली का मले ती एवढीच जाडी पाह्यजे."

"तुह्या मायनं माही एवढी काळजी केली असती, त मी बी जाडी झाली असती," रामीबाई म्हणाली. सुनेनं तोंड फिरवलं. ट्रक धुरळा उडवत गेला.

घर म्हणजे एक खोली आणि मागं चुलीपुरता आडोसा. खोलीत आढ्यापर्यंत कापूस, आणि त्यात कोरल्यासारखी एका खाटेची जागा. भुरीनं ढिगातच खळगा करून बिऱ्हाड थाटलं. बाहेर यायची ती अंगभर पांढरं भुसकट लेवून, आणि मग तासभर स्वतःला चाटत बसायची. रामीबाईला मोठी मौज वाटायची. "पाहा व, नवरी नटून राह्यली," असं ती मानीबाईला हाक मारून दाखवायची.

मग भुरीनं खाणं टाकलं. दूध-भाकरीचा कुस्करा वाटीत सुकून जाई. रामीबाईला वाटलं, पोरीची आठवण येते. साऱ्या तांड्याला तसंच वाटलं. आणि सगळ्यांना ते फार आवडलं. जो येई तो म्हणे, माणसापेक्षा मुकं जनावर बरं. रामीबाईनं जयाचा जुना फ्रॉक काढला आणि मायेनं त्या खळग्यात अंथरला. भुरी तिथून हलेनाशी झाली.

एकदा रामीबाईनं पाहिलं, मांजर चुलीमागच्या राखेत पाठीला बाक काढून बसली आहे, जोर करते आहे, कण्हते आहे. उठून गेली तरी राखेत काहीच नाही. पोरं वाढवलेल्या बाईला पोट अडल्याचं कळायला वेळ लागत नाही. तिनं एरंडेल काढलं आणि पोरांना पाजतात तसं तोंड दाबून चमचाभर ओतलं. भुरी खोकली, फेस ओकली, तिला ओरबाडून ढिगात शिरली आणि तिथंच कण्हत राहिली. भिंतीपलीकडे मानीबाई जागी होतीच.

सकाळी रामीबाई टोपलीवर लुगडं बांधून एसटीत बसली.

कंडक्टर म्हणाला, "बाई, कोंबडीचं तिकीट लागते."

"कोंबडी नोहे, पाहुणी हाय."

बस हसली. रामीबाई हसली नाही.

गुरांच्या दवाखान्यात बैलांची रांग होती. डॉक्टरांनी भुरीचं पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. कोमट पाण्याचा एनिमा दिला. पुष्कळ वेळानं थोडंसं बाहेर आलं. काळे, टणक खडे, आणि त्यांच्यात केस न् कापूस समईच्या वातीसारखे वळलेले.

"चाटून चाटून हे पोटात गेलंय," डॉक्टर म्हणाले. "आत अजून आहे. पोट तुंबलं की मांजर खात नाही, बाई."

"मले वाटलं, पोरीच्या आठवणीनं..."

"आठवण असेलही. पण दिवसभर खाल्लं नाही की आणायचं. तेल जबरदस्तीनं ओतायचं नाही, ते छातीत जातं. पाणी पाजा, पातळ खाऊ घाला. आणि कापसात अजिबात बसू देऊ नका."

"साहेब, माह्या घरात कापूस नाही अशी जागाच नाही. मी बी कापसातच झोपतो."

डॉक्टरांनी हात धुतले. पुढचा बैल आत आला.

बाहेर बांधावं तर तांड्याची कुत्री. रामीबाई मानीबाईकडे गेली. "चार दिवस ठेवतं का व हिले?"

"माह्या घरी का सोनं भरून हाय? कापूसच हाय. सांग, कोणाच्या घरी नाही?"

ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी आली, तेव्हा रामीबाईनं दार उघडं टाकलं. भावाचं एक अक्षर बोलली नाही. व्यापारीच दचकला. खोली रिकामी झाली, झाडून-सारवून झाली. भुरी त्या मोकळ्या जमिनीवर हळूहळू फिरली आणि रामीबाईच्या बोटाला लावलेलं कच्चं अंडं दोनदा चाटून गेली. रामीबाई एकटीच मोठ्यानं हसली, आणि रिकाम्या घरात तो आवाज तिलाच परका वाटला.

पण नंतर एक दिवस वाटी पुन्हा भरलेलीच राहिली. रामीबाईनं लगेच टोपली बांधली. दिग्रस यायच्या आधीच टोपलीतली हालचाल थांबली. तरी ती दवाखान्यात गेली, रांगेत बसली, नंबर आल्यावर टोपलीवरचं लुगडं सोडलं. परत येऊन तिनं भुरीला शेताच्या बांधावर पुरलं.

"काहून विकला व कापूस?" मानीबाईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगितलं, "मले मालूम हाय. मी ऐकलं ना तिले कण्हताना."

"हो," रामीबाई म्हणाली. कापूस पडेल भावात विकल्याचं कारण म्हणून मुलाला हडळ सांगता आली असती. मांजर सांगता आली नसती.

होळीला लखन आला. त्यानं वेशीवरच सगळं ऐकलं आणि भीतभीत आईला म्हणाला, "बरं केलं, याडी." जया मात्र घरभर भुरीला हाका मारत फिरली. रामीबाईनं तिला चुलीमागं नेलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

पोरगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग आधीच काहून नाही विकला?"

 जया त्या होळीला आईजवळ झोपली.

कापसात हडळ नव्हती. कण्हत होती ती मांजर. तिच्या पोटात कापूस अडकला होता, तिच्यासाठी रामीबाईनं घरचा कापूस विकला, आणि मांजर वाचली नाही.