कलमाखालचा फुटवा

ह्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि त्याच उन्हाळ्यात आमचं संत्र्याचं झाड वाळायला लागलं. कुंभारीकडच्या आमच्या घराच्या परसात ह्यांनीच ते कलम लावलं होतं. आदल्या हिवाळ्यात त्याला पहिल्यांदा थोडी फळं धरली. आंबट होती, तरी ह्यांनी गल्लीभर फोडी वाटल्या.

आता हे खिडकीशी कॉटवर पडून झाडाकडे बघत असायचे. बोलणं जवळजवळ गेलं होतं. एखादाच शब्द फुटायचा.

पानं पिवळी पडली, खोडातून डिंक गळू लागला. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, बोअरचं खारट. मी तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी साठवून घालायची. जुन्या साड्या जोडून वर सावली केली. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "सोड की गं आता. हितं संत्रं कुटं जगतंय? माणसाकडं बघ."

झाड जगलं तर हेही उठतील, असं माझ्या मनानं घेतलं होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एक दिवस फांदीची साल नखानं खरवडली. आत तपकिरी. दुसरी, तिसरी, तसंच. मी मातीतच बसले. तेव्हा बुंध्याशी एक हिरवा कोंब दिसला. धावत आत गेले, ह्यांना कसंबसं खुर्चीत बसवलं, खुर्ची ओढत मागच्या दारापर्यंत आणली.

"बघा, फुटलंय."

ह्यांनी कोंबाकडे पाहिलं आणि जड जिभेनं म्हणाले, "मोड."

मी वाकून नीट पाहिलं. कलम करताना संत्र्याचा डोळा जंबेरी लिंबाच्या रोपावर बांधतात, आणि कोंब त्या जोडाच्या खालून आला होता. म्हणजे जंबेरीचा. त्याला संत्रं कधीच लागणार नव्हतं. पूर्वी हे स्वतःच असे फुटवे वेळच्या वेळी मोडून टाकायचे.

"नाही मोडणार," मी म्हणाले. "एवढंच राहिलंय."

त्यांनी डोळे मिटले. डाव्या हातानं माझा पदर घट्ट धरला, कितीतरी वेळ सोडला नाही.

वाळलेलं खोड माझ्या भावानं कापून नेलं. जंबेरी आता कमरेएवढी झाली आहे, नुसती काट्यांनी भरलेली. मी तिला पाणी घालते. हे अजून कॉटवरच आहेत, आणि खिडकीचा पडदा दिवसाही ओढून घ्यायला खुणावतात.