तपकिरी कडं

नागपूर तिथल्या प्रयोगशाळेसकट मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. तेव्हापासून पांढुर्ण्याचे आरोग्य निरीक्षक विहिरींचं पाणी आपल्या ओसरीवरच तपासत. काचेच्या नळीतल्या पाण्यात हिराकस मिसळून कडेनं तेजाब सोडायचे. तपकिरी कडं उमटलं, की उकिरड्याचं नायट्रेट पाण्यात उतरलं म्हणून समजायचं. मग त्यांना आनंदानं राहवत नसे. "या बाप्पा, पाहून घ्या, कडं येऊन राहिलं!" विहिरीची बदनामी नको म्हणून लोक पाणीच देत नसत. मलाही तो आनंद खटके.

एकदा त्यांच्याच विहिरीच्या पाण्यात कडं उमटलं. घरात तान्ही नात होती, आणि असं पाणी तान्ह्यांच्याच जिवावर उठतं. तरी तीच हाक, तोच आनंद. गल्ली जमली. त्यांनी भरलेला हंडा सगळ्यांसमोर ओतला आणि स्वतःचा उकिरडा उपसायला घेतला.

सकाळी त्यांच्या ओसरीवर तपासायला आणलेल्या पाण्याच्या लोट्यांची रांग होती. पहिला लोटा माझा.