सुनावणीच्या दुपारी

वीज केंद्राच्या वसाहतीत त्याला सगळे फोरमन म्हणत आणि त्याच्या बायकोला सगळे ताई. तो कामामुळे फोरमन झाला होता, ती मात्र धाकट्या भावामुळे ताई झाली. भावाचं ऐकून शेजारची पोरं ताई म्हणू लागली, मग त्यांच्या आया, आणि शेवटी टपाल वाटणारा म्हातारासुद्धा. खुद्द फोरमनच्या तोंडूनही चारचौघांत कधी ‘ताईला विचारून सांगतो’ असं निघून जायचं आणि मग तो जीभ चावायचा.

तो भाऊ त्यांच्याच घरात वाढला. ताईचं लग्न झालं आणि पाठोपाठ आईवडील गेले, तेव्हा तो एक पत्र्याची पेटी घेऊन बहिणीच्या दारात आला होता. फोरमननं त्याला पाव्हणा मानलं नाही. फ्यूज कसा बदलायचा ते शिकवलं, बॉयलरच्या जाड काचेतून आतली आग दाखवली, शाळेत जाऊन मास्तरांशी भांडला, कॉलेजात घातलं. पोरगा इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडला तेव्हा फोरमननं केंद्रात त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मेव्हण्यानं मात्र गावात दुकान घेतलं आणि लोकांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसवायला लागला. पुढे कोळशाची केंद्रं बंद करा म्हणणाऱ्या मंडळींत सामील झाला आणि पवनचक्क्यांवर भाषणंही द्यायला लागला. फोरमन त्याला तेव्हापासून ‘पवनचक्की’ म्हणे.

सुट्टीच्या दिवशी पवनचक्की जेवायला यायची आणि हात धुवायच्या आधीच वादाला तोंड फुटायचं.

“सगळा देश उजेडात आहे तो आमच्या कोळशावर,” फोरमन म्हणायचा. “आपल्या जमिनीतला, आपल्या माणसांनी खणलेला. कुणापुढे हात पसरायला नको.”

“कुठला आपला, भाऊजी? तुमच्या यार्डात निम्मा माल बोटीनं येतो. तिकडच्या राजाला शिंक आली की इकडे विजेचा दर वाढतो.”

“आणि तुझी पॅनेलं रे? ती काय तुझ्या परसात उगवतात? त्यांच्या खोक्यांवर कुठल्या देशाचं नाव असतं ते सांग की जरा.”

“पॅनेल एकदा आणलं की वीस-पंचवीस वर्षं चालतं. कोळसा आज जाळला की उद्या परत आणायचा.”

“आणि संध्याकाळी सूर्य मावळला की?”

ताई शिवणयंत्रावर असायची. शाळेचे गणवेश, पडदे, कुणाच्या लेकीचा झगा, असं काहीतरी सुईखाली चालूच असायचं. तिथूनच ती निकाल द्यायची. “हा मुद्दा यांचा. तो बोटीचा त्याचा. बरोबरी झाली, आता जेवा.” कधी दोघांपैकी एकजण हरायला लागला की ती मुद्दाम त्याची बाजू घ्यायची. वाद लवकर संपलेला तिला आवडत नसे. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेल्यापासून घरात एवढीच काय ती गंमत उरली होती.

वसाहतीत राख पडायची. वारा चिमणीकडून आला की खिडकीच्या कठड्यावर बोटानं रेघ ओढता येई. शाळेचे पांढरे शर्ट शिवायचे म्हणून ताई कापड आतल्या खोलीत वाळवायची, यंत्रावर कायम ओलं फडकं टाकायची. “आपल्याकडे पांढरा रंग मिळतच नाही,” ती गिऱ्हाइकांना सांगायची, “एक फिकट करडा आणि एक गडद करडा. कुठला देऊ?” बायका हसायच्या. मग ती खोकायला लागली, आणि बरेच दिवस तिनं तो खोकलाही असाच हसण्यावारी नेला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यावर धरून दाखवला. फुप्फुसं आखडत चालली होती. फोरमननं विचारलं, कशामुळे? बाई म्हणाल्या, धुळीनं होऊ शकतं, राखेनं होऊ शकतं, कापडाच्या तंतूंनी होऊ शकतं, आणि काहींना कशाहीमुळे होतं. नेमकं एकावर बोट ठेवता येणार नाही. बाहेर बाकावर मेव्हणा बसला होता. फोरमननं सांगितलेलं सगळं त्यानं ऐकून घेतलं. पुढच्या सुट्टीला जेवताना राखेचा विषय त्यानं काढला नाही, त्यानंतरही कधी काढला नाही. वादातला सगळ्यात मोठा मुद्दा त्याच्या हातात होता आणि तो त्यानं वापरला नाही, हे फोरमनला कळत होतं.

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. भिंतीतल्या विजेवर चालायचं, रात्रंदिवस घुरघुर करायचं. नळी नाकाला लावून ताई बसल्या बसल्या काजं-बटणं करायची. कोपऱ्यात अडीअडचणीसाठी एक सिलेंडर उभा होता. त्याची चावी घट्ट होती, ती फोरमनच फिरवायचा.

त्याच सुमारास सरकारनं जाहीर केलं की देशाला इंधनाच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभं करायचं आहे. बाहेरून कोळसा आणणं टप्प्याटप्प्यानं बंद होणार होतं आणि जुनी केंद्रं मोडीत निघणार होती. हे केंद्र जुन्यांत मोडत होतं. लोकांचं म्हणणं ऐकायला गावातल्या सभागृहात जाहीर सुनावणी ठरली. कामगारांच्या बाजूनं फोरमननं बोलावं असं सगळ्यांनी ठरवलं. दुसऱ्या बाजूनं कोण बोलणार ते सांगायची गरज नव्हती.

ताईला या गोष्टीचा कोण आनंद झाला. इतकी वर्षं तिच्या स्वयंपाकघरात चाललेला वाद आता खुर्च्या, माइक आणि साहेबांसमोर होणार होता. तिनं फोरमनच्या शर्टाची कॉलर उलटवून नवी करून दिली. भावाला फोनवर सांगितलं, “घाईघाईनं बोलू नकोस. तू घाई केलीस की ते तुला खातात.” मग नवऱ्याला म्हणाली, “त्याला सगळ्यांसमोर पवनचक्की म्हणू नका हं.”

“तू एकटी राहणार?”

“एकटी कुठे? शेजारीण आहे की.”

फोरमन निघून गेल्यावर तिनं शेजारणीलाही पिटाळलं. “तू जा, नीट ऐक, कोण काय बोललं ते मला येऊन सांग. ते दोघं आपापल्या सोयीचं सांगतील.” शेजारीण नाही-होय करत गेली.

सभागृह खचाखच भरलं होतं. मेव्हणा आधी बोलला. घाई न करता, मुद्देसूद बोलला. वाऱ्याला आणि उन्हाला कुणी सीमेवर अडवू शकत नाही, म्हणून तेच आपलं खरं इंधन, असं त्यानं सांगितलं. केंद्रातल्या माणसांना आधी शिकवा, नवी कामं द्या आणि मगच टाळं लावा, हेही सांगितलं. कामगारांतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. मग फोरमन उठला. सुरुवातीला आवाज चिरकला, मग सूर सापडला. त्यानं बॉयलरचं सांगितलं, पुरात कमरेएवढ्या पाण्यातून कामावर आलेल्या माणसांचं सांगितलं. घाईनं बंद कराल तर अंधारात बसाल, असं तो म्हणाला, आणि नेमके सभागृहातले दिवे गेले. पंखे हळूहळू थांबले. माइक मुका झाला.

मग फोरमन माइकशिवाय, मोठ्या आवाजात म्हणाला, “बघा साहेब. अजून तर आम्ही कामावर आहोत.”

सभागृहात एकच हशा पिकला. टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. मंचावरचे साहेबही हसले. आयुष्यात फोरमनला इतक्या लोकांनी कधी दाद दिली नव्हती. तो हसत उभा राहिला, आणि सवयीनं त्यानं समोर मेव्हण्याकडे पाहिलं, याला आता काय उत्तर सुचतंय ते बघायला.

मेव्हणा हसत नव्हता. तो उठून उभा राहिला होता आणि लोकांचे गुडघे ओलांडत दाराकडे निघाला होता. मध्येच वळून तो म्हणाला, “भाऊजी, ताई.”

तेवढंच म्हणाला. त्या गलक्यात ते फक्त फोरमनला ऐकू गेलं.

मेव्हण्याच्या गाडीतून ते गेले. रस्ताभर सिग्नल बंद होते. वाटेत फोरमन एकदा म्हणाला, “शेजारीण आहे. सिलेंडर आहे.” आणि थोड्या वेळानं, “पण चावी घट्ट आहे.”

ताई कोपऱ्यात सिलेंडरला टेकून बसलेली सापडली. शिवणाचं फडकं चावीभोवती गुंडाळलं होतं, पकड यावी म्हणून. तिच्या तळहातावर चावीचा वळ उठला होता. फोरमननं एका झटक्यात चावी फिरवली, सूं करून हवा सुरू झाली, त्यानं नळी तिच्या नाकाशी धरली. मेव्हणा तिची छाती दाबत राहिला. दवाखान्याची गाडी आली तरी तो थांबेना, त्याला दोघांनी धरून उठवावं लागलं.

वीज परत आली ती नंतर. कोळशाशी तिचा काही संबंध नव्हता आणि वाऱ्याशीही नव्हता. नव्या गटारासाठी रस्ता खोदताना खोदणाऱ्या यंत्राच्या दातानं जमिनीखालची केबल तोडली होती.

हे सगळ्यांना माहीत होतं, तरी लोक आले. आधी कामगार संघटनेचे अध्यक्ष. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका, पण वीज गेली म्हणून वहिनी गेल्या हे लोकांपुढे यायला हवं. फोटो असेल तर द्या.” फोरमननं त्यांना शांतपणे विचारलं, “आणि तिची फुप्फुसं कशानं गेली, तेही लिहाल का खाली?” अध्यक्ष उठून गेले. मग दुसऱ्या बाजूची मंडळी आली, त्यांना राखेचा बळी हवा होता. त्यांना फोरमनपर्यंत पोचताच आलं नाही. दारात मेव्हणा उभा होता. तो आपल्याच माणसांना म्हणाला, “माझी बहीण आहे ती. निघा.” त्या मंडळींकडे तो परत कधी गेला नाही.

पाहुणे पांगल्यावर दोघं त्या खोलीत समोरासमोर बसले. मशीन कुणीतरी बंद केलं होतं, त्यामुळे घर फार शांत होतं.

“मी आधी इकडे येणार होतो,” मेव्हणा म्हणाला. “तिला भेटून मग सभेला. उशीर झाला म्हणून परस्पर गेलो.”

“दिवे गेले तेव्हा मी विनोद केला,” फोरमन म्हणाला. “मला आठवलंच नाही. तुला आठवलं.”

“चावीला तेल द्यायचं मला कितीदा मनात आलं होतं.”

“ते माझं काम होतं. घर माझं होतं.”

दोघंही सगळा दोष आपल्याकडे ओढत राहिले आणि कुणीच सोडायला तयार नव्हता. शेवटी मेव्हणा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. फोरमन उठून त्याच्याजवळ गेला, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवायचं बळ त्याला आलं नाही. तो तसाच शेजारी उभा राहिला.

केंद्र बंद व्हायचं ते झालंच. शेवटच्या पाळीला फोरमननं स्वतः बॉयलरची आग विझवली. दोन शब्द बोला म्हणून वार्ताहर मागे लागले. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि हातमोजे काढून निघाला. माणसांना नवी कामं मिळाली, काहींना नाही मिळाली. राखेच्या मैदानावर पॅनेलांच्या रांगा उभ्या राहिल्या. वसाहतीतलं घर सोडायच्या दिवशी मेव्हण्यानं शिवणयंत्र एकट्यानं उचलून टेम्पोत ठेवलं, फोरमनला हात लावू दिला नाही.

आता फोरमन लेकीकडे राहतो. मेव्हणा अधूनमधून येतो, लांबचा प्रवास करून. दोघं गच्चीत बसतात. गुडघ्याचं, उन्हाचं, नातवाच्या शाळेचं बोलतात. लेकीला ते बघवत नाही. परवा तिनं मुद्दाम वर्तमानपत्रातली बातमी मोठ्यानं वाचली. मंत्री म्हणाले होते की देशाला आता बाहेरून इंधन आणावं लागत नाही, आपली वीज आपणच करतो. वाचून ती दोघांकडे बघत राहिली, कुणीतरी एकजण तोंड उघडेल म्हणून.

“चांगलं झालं,” मेव्हणा म्हणाला.

“हो,” फोरमन म्हणाला, “चांगलंच झालं.”

लेकीनं वर्तमानपत्राची घडी घातली आणि चहा ठेवायला आत गेली.