समेवरचा फोटो

फंक ह्या ठेकेदार, नाचऱ्या संगीताचा महोत्सव दरवर्षी भरे, त्या मैदानावर सगळे त्या फोटोवाल्याला ‘समवाला’ म्हणत. फंक वाजवणाऱ्यांचा सगळा जीव पहिल्या ठोक्यात, म्हणजे समेत असतो. त्या क्षणी वाजवणाऱ्याचा चेहरा उघडा पडतो, आणि हा बरोब्बर तेव्हाच बटण दाबायचा. बाकीचे शंभर फोटो काढून एक निवडत. हा कानाने फोटो काढायचा.

यंदा मात्र त्याला त्या महोत्सवाची शिसारी आली होती. शौचालयांचा दर्प, पायाखाली सांडलेल्या बिअरचा चिखल, आणि स्टेजपुढच्या अरुंद पट्टीत, जिथे फक्त फोटोवाल्यांनी उभं राहायचं, तिथे स्टेजकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढणारी मंडळी! गाण्याशी ह्यांना काडीचं देणंघेणं नाही. वर महोत्सवाचा मॅनेजर सकाळीच बजावून गेला होता, "प्रत्येक फोटोत प्रायोजकांच्या साबणाचा बोर्ड दिसला पाहिजे."

"मग माणसं कशाला उभी करता? बोर्डालाच नाचवा की!" असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

तो आला होता एकाच फोटोसाठी. ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं पितळी वाद्य, फुंकणारे आजोबा आज शेवटचं वाजवणार होते. दरवर्षीचा त्यांचा फोटो, गाल टम्म फुगलेले, तो स्वतः घरी नेऊन द्यायचा. आजींनी असे अकरा भिंतीवर लावले होते. शेवटचा तर हवाच, असं त्यांनी दोनदा फोन करून सांगितलं होतं.

नियम असा की तीन गाणी झाली की फोटोवाल्यांनी पट्टीतून बाहेर पडायचं. आजोबा चौथ्याला येत. दरवर्षी रखवालदार काणाडोळा करायचा. यंदा तिसरं गाणं संपताच त्याने दंड धरला.

"निघा."

"अहो, मी दरवर्षी थांबतो."

"वरून सांगितलंय. तुम्हाला तर आधी काढा म्हणाले."

हे त्या मॅनेजरचंच काम, दुसरं कोण? मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत समवाला गर्दीत घुसला, एका खोक्यावर चढला आणि त्याने लांबची लेन्स लावली. आजोबा आले. ट्रॉम्बोन कडाडला. सम आली, त्याने बटण दाबलं. पुन्हा सम, पुन्हा बटण.

मग त्याने फोटो पाहिले. दहाच्या दहा समेवर, आणि दहाही फोटोंत गाल सपाट. त्याने मान वर करून स्टेजकडे नीट पाहिलं: सूर आधी येत होता, ट्रॉम्बोनची नळी मागून सरकत होती. लोक बेभान नाचत होते आणि वाजत होती टेप. म्हाताऱ्याला बाहुलं करून उभं केलंय, नालायकांनी!

मॅनेजरची गचांडी धरायला तो स्टेजमागे धावला. तिथे आजोबा एकटेच बसून ट्रॉम्बोनचं कोरडं तोंड पुसत होते.

"आजोबा, ह्या लोकांनी तुमचा..."

"ओरडू नकोस. श्वास पुरत नाही रे आता. टेप लावा, असं मीच म्हटलं."

"आणि मला बाहेर काढलं ते?"

"तेही मीच सांगितलं. बाकी सगळ्यांना फसवता येतं. तू समेवर काढतोस." आजोबांनी मान वर केली नाही. "घरी हिला यातलं काही ठाऊक नाही."

समवाल्याने लांबची लेन्स काढून जवळची लावली. मग त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

"फुगवा गाल," तो म्हणाला.

आजोबांनी ट्रॉम्बोन ओठांना लावून गाल फुगवले. आवाज काहीच नव्हता. फोटो अकराही फोटोंपेक्षा सुरेख आला, आणि दिवसभरात सगळ्यात जास्त किळस त्याला त्या फोटोचीच आली.